वेळेबाहेरचं पाणी

सहा वर्षं मी पाण्याचं काम करते आहे, आणि माझ्या कामाच्या खोलीत प्यायच्या जारशिवाय पाणी नाही. गार खोली, एका भिंतीभर पडदे, पाच खुर्च्या, आणि दाराबाहेर धुळ्याचं ऊन. सरकारी कागदावर या खोलीला लांबलचक नाव आहे. लोक तिला ‘स्मार्टवाली खोली’ म्हणतात. पाणी कधी येणार हे विचारायला शहर जिथे फोन लावतं ती ही खोली. तो फोन बहुतेक वेळा मी उचलते.

या अंकाच्या संपादकांनी ‘तुमच्या कामाबद्दल लिहा’ म्हटलं तेव्हा मी आधी नाही म्हणून सांगितलं होतं. मी मूळची जळगावची, मेहरूणची. शाळा इंग्रजी माध्यमाची. घरात मराठीच बोललो, पण लिहायची वेळ आली की हात आपोआप इंग्रजीकडे जातो. शिवाय मी फारशी बोलणारी नाही. या नोकरीच्या मुलाखतीत ‘तुमच्यातली कमतरता सांगा’ असं विचारलं, तेव्हा मी इतका वेळ गप्प बसले की त्यांनी तेच उत्तर समजून पुढचा प्रश्न घेतला.

पण एक गोष्ट मी इंग्रजीत लिहून बसले आहे. सफाईदार लिहिली होती, आणि ती चुकीची होती. ती एकदा मराठीत नीट लिहावी, एवढ्यासाठी हा कागद.

आधी काम सांगते. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. प्रत्येक भागाचा दिवस ठरलेला, वेळ ठरलेली. उंच टाकीतून मोठी जलवाहिनी निघते, तिला फाटे फुटतात, आणि प्रत्येक फाट्यावर रस्त्याखाली एक व्हॉल्व्ह असतो. लोखंडी झाकण उचलायचं, खड्ड्यात लांब किल्ली उतरवायची आणि फिरवायची, की त्या गल्लीला पाणी. हे करणारा तो व्हॉल्व्हमन. सगळं शहर त्याला वालमन म्हणतं, म्हणून मीही तेच लिहिते.

मी यायच्या आधी हे सगळे वालमन पहाटे टाकीखाली जमत. मुकादमाच्या वहीत सही, एक चहा, किल्ली खांद्यावर, आणि आपापल्या भागात. मग आमची यंत्रणा आली. गल्लीगल्लीत पाणी मोजणारी यंत्रं बसली, ती सिमकार्डावरून दर काही मिनिटांनी आम्हाला आकडा पाठवतात. वालमनच्या हातात मोबाईल आला. आता त्यानं थेट आपल्या भागात जायचं, मोबाईलला चेहरा दाखवायचा, हजेरी लागली. टाकीखालची वही बंद झाली, मुकादमाचं पद गेलं, आणि चहाही गेला. आमच्या पडद्यावर मात्र सगळं शहर आलं. पाणी वेळेवर सुटलं की गल्लीचा ठिपका हिरवा, उशीर झाला की पिवळा. ठरलेल्या वेळेबाहेर सुटलं की लाल.

मला हे काम आवडायचं. अजूनही आवडतं. माणसांकडे बघायला मला संकोच वाटतो, पण ठिपक्यांकडे मी तासन्‌तास बघू शकते. कोणत्या गल्लीत पाणी आल्याबरोबर सगळ्यांच्या मोटारी एकदम लागतात, कोणती गल्ली सावकाश भरते, कुठल्या फाट्यावर गळती सुरू होणार आहे, हे मला आकड्यांच्या हलण्यावरून कळायचं. गळती दोन दिवस आधी ओळखली की वरून शाबासकीची मेल यायची. ती मी उघडून, वाचून, पुन्हा न वाचलेली अशी करून ठेवायची.

फोनवरच्या माणसांची मात्र मला सुरुवातीला भीती वाटायची. एक व्यापारी शेठ दर पाण्याच्या दिवशी पहाटे विचारायचे, ‘बेन, आज प्रेशर कसा राहील?’ जणू मी वायदेबाजाराचा भाव सांगणार आहे. आणि एक लीलाअक्का होत्या. चौदा घरांच्या एका गल्लीत राहायच्या, सत्तरी ओलांडलेल्या. त्यांची तक्रार कधीच नसायची. पाणी आलं की फोन करून त्या एवढंच सांगत, ‘आलं बरं का.’

‘हो अक्का, दिसलं इथे.’

‘तुला दिसलं ते दिसलं. सांगायचं काम आपलं.’

आधी वाटायचं, रिकामा उद्योग. नंतर त्यांचा फोन आला नाही की मी घड्याळ बघायला लागले.

अक्कांची गल्ली उत्तमनानांच्या भागात यायची. उत्तमनाना म्हणजे आमचे सगळ्यांत जुने वालमन. नरडाण्याजवळच्या खेड्यातले, पण धुळ्यात येऊन जन्म गेला. मी त्यांना तोपर्यंत पाहिलं नव्हतं. माझ्यासाठी ते मोबाईलच्या हजेरीतला एक चेहरा होते. पांढऱ्या मिशा, कपाळ अर्धं फोटोबाहेर, आणि मागे कायम आभाळ, कारण मोबाईल ते कमरेजवळ धरत.

त्यांच्या भागात मला लाल ठिपके दिसू लागले. महिन्यातून दोन-तीन. कधी सकाळी, कधी भर दुपारी, कधी ही गल्ली, कधी ती. वीस मिनिटं, तीस मिनिटं, आणि बंद. मोबाईलवर त्याची नोंद काहीच नाही. बाकीच्या वालमनांकडेही असे ठिपके होते, पण तुरळक. नानांकडे चार महिन्यांत अकरा निघाले.

मी आठवडाभर त्यांच्या मागे होते. तक्ता केला, नकाशावर खुणा केल्या. गळती नव्हती. दुरुस्ती नव्हती. ज्या गल्लीचं पाणी एक-दोन दिवसांवर आलेलं, म्हणजे घरातला साठा संपत आलेला, तिथेच हे जास्त व्हायचं. मला वाटलं, सापडलं. गरज जास्त तिथे पाणी जास्त किमतीला जातं. अहवालात मी लिहिलं की हे पाणी खाजगीत विकलं जात असण्याची शक्यता आहे. इंग्रजीत ते वाक्य फार सभ्य दिसत होतं. त्यात कुणाला चोर म्हटलेलं नव्हतं, आणि वाचणाऱ्याला दुसरं काही वाटण्याची सोयही नव्हती.

ही यंत्रणा चालवायचं कंत्राट बाहेरच्या एका कंपनीकडे आहे. माझा पगार ती देते, वालमनही तिच्याकडे कंत्राटी. कंपनीला तसेही वालमन कमी करायचे होते. अहवाल गेल्यावर चौथ्या दिवशी नानांना नोटीस गेली आणि चौकशी होईपर्यंत त्यांची किल्ली आमच्या खोलीत जमा झाली. माझ्या खांद्याला लागेल एवढी उंच, वरचा आडवा दांडा हातांनी गुळगुळीत झालेला. कुणीतरी तिला चिठ्ठी बांधून दारामागे उभी करून ठेवली. नानांच्या भागाला दुसरा वालमन दिला, तो दोन भाग सांभाळू लागला.

मला वाईट वाटलं का? खरं सांगायचं तर तेव्हा नाही. मला वाटलं, यंत्रणा असते ती याच्यासाठीच.

त्यानंतरच्या आठवड्यात, मंगळवारी, दुपारी एकच्या सुमारास लीलाअक्कांचा फोन आला. मी पडद्याकडे पाहिलं. त्यांच्या गल्लीचा दिवस बुधवार होता.

‘अक्का, आज नाही. उद्या आहे पाणी.’

‘ते माहीत आहे मला. आमचे शब्बीरभाई गेले गं. समोरचे. गाद्या भरायचे ते.’

मी नुसतं ‘अच्छा,’ म्हटलं.

‘अच्छा काय. वालमन पाठव. नानाकडे निरोप धाडला तर तो म्हणतो, किल्ली नाही माझ्याकडे. मयताला आंघोळ घालायची आहे, पाचच्या नमाजाआधी न्यायचं आहे, पाहुणे यायला लागलेत. उद्या पाण्याचा दिवस म्हणून गल्लीत सगळ्यांच्या टाक्या तळाला गेल्यात. मी माझा पिंप खरवडून दोन बादल्या दिल्या.’

‘पण अक्का, नाना कसे येणार? आणि आज तुमच्या गल्लीचा दिवस...’

‘मयताला कसला दिवस? मयताचं पाणी सोडतात ना. आमचे हे गेले तेव्हा सोडलं होतं. घाटावरून माणसं परतायच्या आत नळ चालू. चाळीस माणसांनी आंघोळ केली, घर धुतलं. तुला नाही माहीत?’

मला नव्हतं माहीत. मी फोन धरून बसले आणि समोरच्या पडद्यावर तो तक्ता उघडला. अकरा ओळी. वीस मिनिटं, तीस मिनिटं. कधी सकाळी, कधी दुपारी. माणसं वेळ ठरवून जात नाहीत.

नंतर मला सगळं कळलं, ते इथेच सांगते. ही रीत नानांची एकट्याची नव्हती, सगळ्याच वालमनांची होती, फार जुनी. ज्या घरात मयत होतं, तिथला एक माणूस नातेवाइकांना कळवायला निघतो, तो वालमनलाही कळवून जातो. मग वालमन त्या गल्लीचं पाणी सोडतो, घरांतला साठा संपत आलेला असला की हटकून. हिंदूंकडे माणसं परतायच्या वेळेला, मुसलमानांकडे आंघोळीच्या वेळेला. कुणी काही देत नाही, कुणी काही घेत नाही. दुसऱ्या दिवशी टाकीखाली चहा पिताना वालमन मुकादमाला सांगायचा, काल अमक्या गल्लीत मयत होतं. मुकादम मान हलवायचा. एवढीच त्याची नोंद. आम्ही टाकीखालची ती बैठक बंद केली. बाकीच्या वालमनांनी मग पाणी सोडणंच कमी केलं. नाना सोडत राहिले. सांगायला कुणी उरलं नव्हतं.

मी बोरसे साहेबांना फोन लावला. ते पालिकेचे अभियंते, आमच्या खोलीवर देखरेख त्यांची. फोन बंद. बैठकीत असणार. पडद्यावरून मला टाकीचा मोठा व्हॉल्व्ह उघडता येतो, पण गल्लीतला नाही. तो अजून हातानंच. नव्या वालमनला फोन केला, तो शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिथलं पाणी चालू, सोडून निघता येईना. साहेबांना मी मेसेज लिहिला, ‘एका घरी मयत आहे, गल्लीचं पाणी अर्धा तास सोडत आहे.’ पाठवला. मग नानांना फोन केला.

‘कोन बोली ऱ्हायनं?’ नानांनी अहिराणीत विचारलं.

मी सांगितलं, कंट्रोल रूममधून. शब्बीरभाईंच्या गल्लीचं पाणी सोडायचं आहे.

‘माले तं बंदी शे, बेटा. किल्ली तुम्हनाजोडे शे.’

‘किल्ली मी घेऊन येते.’

 मग त्यांनी विचारलं, ‘तूच ती का? कागद लिखस ती?’

‘हो,’ म्हटलं.

‘ये मंग,’ ते म्हणाले. ‘झाकनजोडे उभा ऱ्हास.’

आयुष्यात न विचारता केलेल्या गोष्टी माझ्याकडे फार नाहीत. ही त्यातली एक. खुर्ची सहकाऱ्याला दिली, दारामागची किल्ली उचलली आणि जिन्यातच कळलं की ती एकटीला पेलत नाही. रिक्षात ती मावेना. शेवटी आडवी घातली, एक टोक बाहेर. रिक्षावाल्यानं मागे वळून पाहिलं.

‘ही नानाची किल्ली आहे ना?’

‘हो.’

‘मग तुमच्याकडे कशी?’

मी किल्ली दोन्ही हातांनी धरली. त्यानं पुढे विचारलं नाही, पण सगळ्या गतिरोधकांवर रिक्षा हळू केली.

नाना सायकल भिंतीला लावून उभे होते. फोटोपेक्षा बुटके. गल्लीत शब्बीरभाईंच्या दारापुढे खुर्च्या मांडल्या होत्या, पुरुष बसले होते. अक्का त्यांच्या ओट्यावर. मला त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं, मी त्यांना नव्हतं, तरी त्यांनी मला हातानं ‘ये’ केलं. नानांनी झाकण उचललं, किल्ली उतरवली, दांडा धरला आणि मला म्हणाले, ‘धर दुसरीकडून.’

मी धरला. लोखंड तापलेलं होतं. मी जोर लावला तर ते म्हणाले, ‘हळू फिराव. पानीले घाई चालत नही. एकदम सोडं तं गढूळ येस.’ दोन फेरे झाल्यावर ते थांबले. ‘आते कान लाव.’

भर रस्त्यात मी त्या किल्लीच्या दांड्याला कान लावला. आत पाणी धावत होतं. चार वर्षांत मी पाणी पहिल्यांदा ऐकलं. खोलीत पडद्यावर याच वेळी लाल ठिपका पेटला असणार.

समोरच्या घरात नळाचा आवाज आला, मग बादलीचा. खुर्च्यांवरचा एक म्हातारा उठून नानांजवळ आला, त्यांचा हात हातात घेतला आणि परत जाऊन बसला. नाना खड्ड्याकडे बघत उभे राहिले. बऱ्याच वेळानं माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘बठ्ठं दिसस तुले तठे. मंग हाई नही दिसनं?’

सगळं दिसतं ना तुला तिथे, मग हे नाही दिसलं? चिडून नव्हते विचारत. त्यांना खरोखर माहीत करून घ्यायचं होतं. त्यांची नोटीस इंग्रजीत आली होती. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यानं ती त्यांना दुकानात, गिऱ्हाइकांसमोर वाचून दाखवली होती. त्यांनी पाणी विकलं असं मी लिहिलं होतं, हे त्यांना तिथे कळलं. त्यांच्या बायकोलाही.

त्याच दिवशी मी बोरसे साहेबांना सगळं लिहून पाठवलं, आणि पुढच्या सोमवारी चौकशी ठरली. आमच्याच खोलीत, जिथे किल्ली मी परत आणून दारामागे ठेवली होती. कंपनीचे प्रोजेक्ट मॅनेजर पुण्याहून पडद्यावर, बोरसे साहेब माझ्या बाजूला, नाना समोर. नानांनी धुतलेला सदरा घातला होता आणि साहेबांसमोर ते शुद्ध मराठी बोलत होते, जपून, एकेक शब्द ठेवत.

मॅनेजर सभ्य माणूस होते. म्हणाले, ‘काका, मॅडमनी कळवलं आहे मला. पण नियम असा आहे की प्रत्येक नोंदीला कारण लागतं. अकराच्या अकरा. एका जरी नोंदीला कारण नसेल तर मी तुम्हाला परत घेऊ शकत नाही. वर मलाही उत्तर द्यायचं असतं.’

मी तक्ता वाचायला घेतला. ‘गुरुवार, सकाळी दहा वाजून पाच मिनिटं. तीस मिनिटं.’

‘दत्तू शिंप्याची आई,’ नाना म्हणाले.

‘शनिवार, दुपारी दोन. पंचेचाळीस मिनिटं.’

‘सईदाबी. मोठा गोतावळा. मालेगावकडून गाड्या आल्या होत्या.’

‘सोमवार, सकाळी नऊ. बारा मिनिटं.’

बोरसे साहेबांनी विचारलं, ‘बाराच? बाकीच्या वेळी तर अर्धा तास.’

‘माणसं कमी होती साहेब. बाई एकटी राहायची. आम्ही पाच जणच होतो.’

‘आम्ही म्हणजे?’

‘खांद्याला माणूस कमी पडत होता.’

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं आणि पुन्हा काढलं. असं आम्ही दहा ओळी गेलो. नानांजवळ कागद नव्हता. मी दिवस आणि वेळ सांगायची, ते माणूस सांगायचे. माझ्या तक्त्यातल्या दहा ओळींना दहा घरं लागली. मला आपण काहीतरी फेडतो आहोत असं वाटायला लागलं होतं. अकरावी ओळ आली.

‘रविवार, सकाळी सव्वाअकरा. छत्तीस मिनिटं.’

नानांनी सदऱ्याची बाही सारखी केली.

मी पुन्हा वाचलं. गल्लीचं नाव सांगितलं.

‘मयतच होतं,’ ते म्हणाले.

‘कोण?’ मॅनेजरांनी विचारलं.

‘ते नाही सांगता येणार.’

‘आठवत नाही का?’

‘आठवतं. त्या घरानं आवाज न करता नेलं साहेब. गल्लीलाही धड कळू दिलं नाही. मी झाकण उचललं तेव्हा खाली गोणपाट टाकलं होतं, वाजू नये म्हणून. आता इथे कसं वाजवू?’

‘काका, हे बाहेर जाणार नाही. फक्त नोंदीसाठी.’

‘नोंद म्हणजे बाहेरच,’ नाना म्हणाले. ‘ते लाल राहू द्या. मी जातो घरी. माझं वय झालंच आहे.’ ते उठायला लागले.

मॅनेजर म्हणाले, ‘थांबा, थांबा. मॅडम, त्या भागात घरोघरी नवी मीटरं बसलीत ना? रविवार सकाळचं प्रत्येक घराचं पाणी काढा. ज्या घरात जास्त गेलं असेल ते घर. काकांना सांगायचीही गरज नाही.’

बरोबर होतं. मीटरची माहिती बिलाच्या विभागाकडे असते, पण या चौकशीपुरती ती मला उघडून दिली होती. समोर गल्ली होती, गल्लीत एकोणीस घरं, प्रत्येक घराला एक चौकोन. दिवस निवडायचा, दाबायचं, एक चौकोन गडद होणार. ते घर कुणाचं, हे नावानिशी खाली येणार. माझा हात माउसवर होता. नानांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते दारामागे जिथे किल्ली होती तिकडे बघत होते. माझ्याकडे पाहिलं असतं तर कदाचित ती विनंती झाली असती, आणि त्यांना विनंती करायची नव्हती.

मी बैठकांमध्ये बोलत नाही. चार वर्षांत माझा आवाज त्या पडद्यावरच्या लोकांनी ‘हो सर, पाठवते’ एवढाच ऐकला होता.

‘निघेल सर,’ मी म्हणाले. ‘पण मी काढणार नाही.’

‘म्हणजे?’

‘विकल्याचं मी लिहिलं होतं. ते मी बघितलं नव्हतं, आकड्यांवरून लिहिलं होतं, आणि चुकलं. आता हेही आकड्यांवरूनच कळेल, आणि ह्या वेळी बरोबर कळेल. मला ते कळायला नको आहे. दहा वेळा हे खरं बोलले आहेत. अकराव्यांदा बोलत नाहीत, तेही त्या घरासाठीच.’

 पुढे काय बोलावं हे ठरवलेलं नव्हतं, म्हणून मी माउस उचलला आणि टेबलाच्या पलीकडे ठेवला. ते फार बालिश दिसलं असेल.

बोरसे साहेब घसा साफ करून म्हणाले, ‘घरातल्या मीटरची माहिती बिलासाठी आहे. कुणाच्या घरी किती बादल्या लागल्या हे असं उघडून बघायचं असेल तर पालिकेकडून लेखी परवानगी लागेल. तो अर्ज माझ्याकडेच येईल.’ थोडं थांबून म्हणाले, ‘माझ्याकडे बरेच अर्ज पडून आहेत.’

पडद्यावर मॅनेजर हसले की नाही ते नीट दिसलं नाही, चित्र अडकलं होतं. आवाज आला, ‘ठीक आहे. पण सिस्टिम कारणाशिवाय नोंद बंद करत नाही. रकान्यात काहीतरी भरावं लागेल.’

कारणांची एक यादी असते: गळती, दुरुस्ती, आग, सणवार, मान्यवरांचा दौरा. त्यातलं एक निवडायचं. मान्यवरांच्या दौऱ्यासाठी जागा होती आणि मरणासाठी नव्हती, हे मला तोपर्यंत जाणवलंच नव्हतं. यादीत नवीन कारण घालायचा अधिकार साहेबांना होता. त्यांनी ‘मयत’ घातलं आणि दहा नोंदी हिरव्या झाल्या. अकरावीपाशी ते थांबले. ‘हिला तेच देऊ?’

‘त्यांना तेसुद्धा लिहून नको असेल,’ मी म्हणाले.

‘मग काय लिहू?’

मी सांगितलं तसं त्यांनी लिहिलं: ‘वालमनला माहीत’. दाबलं. यंत्रणेनं जराही कुरकुर न करता ते घेतलं.

नानांनी किल्ली उचलली, चिठ्ठीची दोरी दातांनी तोडली आणि मला म्हणाले, ‘जास, बेटा.’ जातो, बेटा. बस, एवढंच. मला माफ केलं का, हे मी विचारलं नाही. ते अजून कामावर आहेत. मयत झालं की मोबाईलवर नोंद करत नाहीत, मला फोन करतात, गल्ली सांगतात, किती वेळ ते सांगतात, आणि मी भरते. बाकीचे वालमनही आता तसंच करतात. लीलाअक्का म्हणाल्या, ‘बरं झालं, सांगायला कुणीतरी हवंच.’ पण मेडिकलमध्ये वाचली गेलेली ती नोटीस मला परत घेता आली नाही. ती मागे घेतल्याचं पत्र मी मराठीत लिहून आणलं, नानांनी ते त्याच दुकानात वाचायला दिलं की नाही, माहीत नाही. त्यांच्या घरी मी दोनदा गेले. काकूंनी चहा दिला, पण माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांचं बरोबर आहे.

‘वालमनला माहीत’ हे कारण यादीत राहिलं. वर्षातून तीन-चारदा वापरलं जातं. पुण्याहून कुणी नवीन माणूस आला की मेल येते, हे कारण म्हणजे नक्की काय. मी उत्तर देते की कारण आहे आणि ते योग्य आहे.

एक गोष्ट मात्र मी कुणाला सांगितली नव्हती. चौकशी संपल्यावर मीटरची ती माहिती माझ्याकडून बंद करायला बिलाच्या विभागात कुणाला आठवलंच नाही. ती माझ्या पडद्यावर उघडीच राहिली. जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी असायची. मी ती गल्ली उघडायची. एकोणीस चौकोन. रविवारपर्यंत जायची आणि थांबायची. कोण होतं, इतकं गुपचूप का नेलं, बाळ होतं का, एखादी माझ्या वयाची मुलगी होती का. एका बोटाचं काम होतं. मी गल्ली बंद करायची आणि डबा खायची. असं किती वेळा झालं ते लिहीत नाही.

घरांची जुनी माहिती यंत्रणा ठरावीक काळानंतर स्वतःच पुसून टाकते. यंदा उन्हाळ्यात एके दुपारी मी ती गल्ली पुन्हा उघडली तेव्हा तो रविवार तिथे नव्हता. त्याच्या आधीचंही काही नव्हतं, एकोणीस चौकोन पांढरे. मी खुर्चीत मागे टेकले. आता ते खरोखरच फक्त नानांना माहीत होतं.